पुण्यातील वैद्यकीय पदवीधरांचे प्रशिक्षणाच्या दर्जाविषयीचे मत

पुणे शहर व परिसरातील वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉक्टर आपल्या शिक्षणाचे जे मूल्यमापन करतात, त्याचा विचार वैद्यकीय शिक्षणशास्त्रात प्रशिक्षणाच्या दर्जाचा एक पुरावा म्हणून केला जातो. परीक्षेतील गुणांवरून विद्यार्थ्याला किती माहिती आहे हे कळते. मिळालेले शिक्षण रुग्णासमोर एकट्याने उभे राहण्यास पुरेसे ठरले का, हे मात्र पदवीधर काम करू लागल्यावरच सांगू शकतो. पदवीनंतर अनेक डॉक्टरांची पहिली नेमणूक प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि तेथे वरिष्ठ तज्ज्ञ हाताशी नसतो. त्यामुळे या मताचा संबंध केवळ विद्यार्थ्यांच्या समाधानाशी नसून रुग्णांच्या सुरक्षिततेशीही आहे.

शिक्षणसंस्था

पुण्यातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ ससून रुग्णालयाच्या परिसरात झाला. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. १८७१ मध्ये येथे वैद्यकीय शाळा स्थापन झाली आणि पुढे तिला बैरामजी जीजीभॉय यांचे नाव मिळाले. १९४६ मध्ये या शाळेचे महाविद्यालयात रूपांतर झाले. बी. जे. या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे शासकीय महाविद्यालय आजही सुमारे १,३०० खाटांच्या ससून रुग्णालयाशी संलग्न आहे.

सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये स्थापन झाले आणि तेथे १९६२ पासून पदवीपूर्व शिक्षण सुरू झाले. या संस्थेत देशभरातून विद्यार्थी येतात व पदवीनंतर त्यांना सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत काम करावे लागते. पुढील काळात खासगी व अभिमत संस्थांची भर पडली. त्यांत धनकवडी येथील भारती विद्यापीठाचे महाविद्यालय (१९८९), तळेगाव दाभाडे येथील माईर संस्थेचे महाविद्यालय (१९९५), पिंपरी येथील डॉ. डी. वाय. पाटील महाविद्यालय (१९९६), नऱ्हे येथील श्रीमती काशीबाई नवले महाविद्यालय (२००७) आणि लवळे येथील केवळ मुलींसाठी असलेले सिम्बायोसिस महाविद्यालय (२०२०) यांचा समावेश होतो. पुणे महानगरपालिकेचे भारतरत्न अटल बिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये १०० जागांसह सुरू झाले.

अशा प्रकारे एकाच शहरात शासकीय, सैनिकी, महापालिकेची, खासगी आणि अभिमत अशा पाच प्रकारच्या संस्था आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी त्यांपैकी अनेक संस्था संलग्न आहेत, तर अभिमत विद्यापीठे स्वतःच्या परीक्षा स्वतः घेतात. पदवी सर्वत्र तीच असली, तरी तिच्यामागील अनुभव सारखा नसतो. पदवीधरांच्या मतांची तुलना करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील वैद्यकीय शिक्षण कोणासाठी डॉक्टर घडवते, हा प्रश्न स्वातंत्र्यापूर्वीच विचारला गेला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात समाजाच्या आरोग्याची जाण असलेला ‘मूलभूत डॉक्टर’ घडवण्यावर भर दिला आणि रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले. श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानेही, शहरी रुग्णालयांभोवती फिरणारे शिक्षण ग्रामीण गरजांशी जोडण्याची आवश्यकता मांडली. त्यानंतर १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडणारी केंद्र सरकारची योजना आली.

या अहवालांत तज्ज्ञ आणि प्रशासक बोलत होते. तरुण डॉक्टरांचा आवाज संघटितपणे पुढे आला तो १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या गटामुळे. महाराष्ट्रातील अनेक डॉक्टर व आरोग्य कार्यकर्ते या गटात सक्रिय राहिले. १९९१ मध्ये गटाने ‘मेडिकल एज्युकेशन री-एक्झामिन्ड’ हा निबंधसंग्रह प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकाच्या आरंभी बंगळूरच्या ‘कम्युनिटी हेल्थ सेल’ने ग्रामीण रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलेल्या तरुण पदवीधरांकडून अभ्यासक्रमाविषयी अभिप्राय मागवले. शिक्षणाचा कस महाविद्यालयाच्या आवारात न लावता पदवीधराच्या कामाच्या ठिकाणी लावावा, ही त्यामागील भूमिका होती.

बिरवाडीचे उदाहरण

पाठ्यपुस्तकातील ज्ञान आणि कामाच्या ठिकाणची गरज यांतील अंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्यातून स्पष्ट होते. नागपूर येथून एमबीबीएस झाल्यावर १९७० च्या दशकात त्यांची नेमणूक रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती. परंतु त्यावरील परिणामकारक उपचार त्या वेळी उपलब्ध नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या जवळ बसून लक्षणांची बारकाईने नोंद ठेवली. पुढे त्यांनी पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी घेतली व ते पुन्हा महाडला परतले. विंचूदंशातील हृदयविकाराच्या पूर्वलक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये, तर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला.

हे उदाहरण एका डॉक्टरच्या असामान्य चिकाटीचे असल्याने ते सर्वसाधारण पदवीधराला लागू करता येत नाही. मात्र कोणतीही शिक्षणपद्धती पदवीधराला भेटणारा प्रत्येक आजार आधीच शिकवू शकत नाही, हे त्यातून दिसते. म्हणून पदवीधराचे मत अजमावताना ‘काय शिकवले गेले’ याबरोबरच ‘न शिकवलेले स्वतः शिकण्याची सवय लागली का’ हा प्रश्नही विचारावा लागतो.

मत जाणून घेण्याच्या पद्धती

विद्यार्थी व पदवीधर यांची मते मोजण्यासाठी प्रमाणित प्रश्नावल्या वापरल्या जातात. त्यांतील सर्वाधिक परिचित ‘ड्रीम’ ही प्रश्नावली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात तयार झाली व १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५० विधाने असून प्रत्येकाला ० ते ४ गुण असतात. कमाल गुणसंख्या २०० असते. विधानांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे :

* अध्ययनाविषयीची धारणा – १२ विधाने
* अध्यापकांविषयीची धारणा – ११ विधाने
* स्वतःच्या शैक्षणिक क्षमतेविषयीची धारणा – ८ विधाने
* वातावरणाविषयीची धारणा – १२ विधाने
* सामाजिक जीवनाविषयीची धारणा – ७ विधाने

एकूण गुण ५० किंवा त्याहून कमी असल्यास वातावरण अत्यंत वाईट, ५१ ते १०० असल्यास अनेक समस्या असलेले, १०१ ते १५० असल्यास उणिवांपेक्षा जमेच्या बाजू अधिक असलेले आणि १५१ ते २०० असल्यास उत्कृष्ट मानले जाते. रुग्णालयात काम करीत शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी ‘फीम’ ही ४० विधानांची वेगळी प्रश्नावली आहे. कामातील स्वायत्तता, अध्यापन आणि सामाजिक आधार असे तिचे तीन भाग आहेत.

काही देशांत असे मत नियमितपणे नोंदवले जाते. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेमार्फत १९७८ पासून पदवीधर होणाऱ्यांचे सर्वेक्षण होते. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचे वार्षिक सर्वेक्षण करते. भारतात राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद अर्थात नॅक आपल्या मूल्यांकनात विद्यार्थी, अध्यापक, माजी विद्यार्थी आणि नियोक्ते यांचे अभिप्राय विचारात घेते. २०१७ च्या सुधारित आराखड्यात तिने विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचाही समावेश केला.

मुलाखतींवर आधारित गुणात्मक अभ्यास ही दुसरी पद्धत होय. पुण्यातील ‘साथी’ या संस्थेशी संबंधित डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी केलेल्या संवादांच्या आधारे खासगी वैद्यकीय व्यवसायाचे चित्र मांडले. डॉ. गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांचे त्यावरील ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे इंग्रजी पुस्तक २०१६ मध्ये प्रकाशित झाले. या कामाचा मुख्य विषय प्रशिक्षण नसून व्यवसायातील नीतिमत्ता हा आहे. तरीही प्रश्नावलीत न मावणारे अनुभव डॉक्टरांच्या स्वतःच्या शब्दांत कसे समोर येतात, याचे ते पुण्याशी निगडित उदाहरण आहे.

मतांमधील प्रमुख मुद्दे

रुग्णसंख्या आणि मार्गदर्शन

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात शिकणाऱ्यांना विविध आजार व त्यांच्या सर्व अवस्था पाहायला मिळतात, ही अशा शिक्षणाची सर्वमान्य जमेची बाजू आहे. ससूनसारख्या रुग्णालयात पुणे जिल्ह्याबरोबरच शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. मात्र बाह्यरुग्ण विभागात गर्दी वाढली, की प्रत्येक रुग्णाजवळ थांबून शिकवण्यास अध्यापकाला वेळ उरत नाही. एका रुग्णाच्या खाटेभोवती विद्यार्थ्यांचा मोठा गट असल्यास प्रत्यक्ष तपासणी थोड्यांच्याच वाट्याला येते. खासगी महाविद्यालयांत उपकरणे, कौशल्य प्रयोगशाळा व ग्रंथालय यांची सोय चांगली असू शकते. परंतु रुग्णांची संख्या आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने करता येणाऱ्या प्रक्रिया यांबाबत प्रश्न उपस्थित होतात. आर्थिक भारातही मोठा फरक आहे. शुल्क अधिक असलेल्या संस्थेतील पदवीधर मिळालेल्या शिक्षणाची तुलना साहजिकच त्यावर झालेल्या खर्चाशी करतो.

देशातील एमबीबीएसच्या जागा २०१४ पूर्वीच्या सुमारे ५१ हजारांवरून पुढील दशकात एक लाखाच्या वर गेल्या. जागा वाढल्या त्या प्रमाणात अनुभवी अध्यापक मिळाले नाहीत, तर रुग्णाजवळचे अध्यापन सर्वांत आधी कमी होते. अध्यापकांची रिक्त पदे हा महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या बाबतीत वारंवार चर्चेत आलेला विषय आहे.

आंतरवासिता आणि प्रवेशपरीक्षा

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची आंतरवासिता बंधनकारक आहे. २०२१ च्या नियमांनुसार यातील १२ आठवडे सामुदायिक वैद्यकासाठी आहेत. ऐकलेले व पाहिलेले ज्ञान या काळात स्वतःच्या जबाबदारीने वापरायचे असते. व्यवहारात याच वर्षी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘नीट-पीजी’ परीक्षेची तयारी करावी लागते. ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असल्याने प्रसूती करणे, टाके घालणे किंवा नातेवाइकांना वाईट बातमी सांगणे यांतील कौशल्याला तिच्यात गुण नाहीत. परिणामी, आंतरवासींचा वेळ विभागातील कामापेक्षा प्रश्नसंचांकडे वळतो. दुसरीकडे नमुने पोहोचवणे, अर्ज भरणे, रुग्णाला एका विभागातून दुसऱ्या विभागात नेणे अशी अशैक्षणिक कामे आंतरवासींवर पडतात, ही तक्रारही जुनी आहे. या दोन्ही कारणांनी, सर्वाधिक शिकण्याचे वर्ष हातातून निसटले अशी भावना व्यक्त होते.

ग्रामीण सेवेची तयारी

महाराष्ट्रातील शासकीय व महापालिका महाविद्यालयांच्या एमबीबीएस पदवीधरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला बाह्यरुग्ण तपासणी व प्रसूती यांबरोबरच सर्पदंश, कीटकनाशकांची विषबाधा, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांचे अहवाल, औषधांची मागणी, न्यायवैद्यकीय प्रकरणे आणि कर्मचाऱ्यांवरील देखरेख अशी कामे करावी लागतात. विशेषज्ञांच्या विभागांत विभागलेल्या शिक्षणात या कामांचा एकत्रित अनुभव मिळणे कठीण असते. ज्या रुग्णालयात प्रत्येक तपासणी तासाभरात होते तेथे शिकलेल्या डॉक्टरला, ज्या केंद्रात रक्ताच्या मोजक्याच चाचण्या होतात तेथे निर्णय घ्यावा लागतो. रुग्णाला केव्हा पुढे पाठवायचे आणि तोपर्यंत काय करायचे, हे येथील कळीचे कौशल्य होय.

भाषा आणि संवाद

अध्यापन व परीक्षा इंग्रजीत होतात, तर रुग्ण आपले दुखणे मराठीत आणि बहुधा आपल्या बोलीत सांगतो. ‘पोटात कळ येणे’, ‘अंग मोडून येणे’, ‘गरगरणे’, ‘जळजळणे’ आणि ‘मळमळणे’ या तक्रारींचे वैद्यकीय अर्थ वेगवेगळे आहेत व ते पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के पदवीपूर्व जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना रुग्णाची भाषा नव्याने शिकावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण याच्या उलट असते. त्यांना रुग्णाचे बोलणे समजते, पण पहिल्या वर्षी पुस्तकाची भाषा अवघड जाते.

निवासी डॉक्टरांचे कामाचे तास

पदव्युत्तर विद्यार्थी हे एकाच वेळी शिकणारे आणि रुग्णालय चालवणारे असतात. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग १२ तास व आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा सांगितली होती; प्रत्यक्षात ती क्वचितच पाळली गेली. कामाचा ताण, वसतिगृहांची अवस्था, विद्यावेतन आणि सुरक्षितता या प्रश्नांवर ‘मार्ड’ या महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने वेळोवेळी आंदोलने केली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल सादर केला. त्यासाठीच्या ऑनलाइन सर्वेक्षणात देशभरातील २५,५९० पदवीपूर्व व ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस या अहवालात आहे. थकलेल्या डॉक्टरचे शिकणे आणि रुग्णाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धोक्यात येतात, म्हणून कामाचे तास हा प्रशिक्षणाच्या दर्जाचाही भाग मानला जातो.

अभ्यासक्रमातील बदल

पदवीधरांकडून व अध्यापकांकडून वर्षानुवर्षे मांडल्या गेलेल्या अनेक उणिवांची दखल २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात घेतलेली दिसते. या अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत : उपचारक, आरोग्य चमूचा नेता, संवादक, आजीवन विद्यार्थी आणि नीतिमान व्यावसायिक. आरंभी असलेल्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेच्या शिक्षणाचा समावेश झाला. पहिल्या वर्षापासून रुग्णांचा परिचय, वृत्ती–नीतिमत्ता–संवाद यांवरील स्वतंत्र घटक आणि आत्मसात केलेल्या कौशल्यांची नोंदवही हे इतर बदल होत. २०२२ पासून विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याचा उपक्रम सुरू झाला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांचे निवासी प्रशिक्षण बंधनकारक करण्यात आले.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ मध्ये ‘नेक्स्ट’ या देशव्यापी निर्गम परीक्षेची तरतूद आहे. या परीक्षेचे नियम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याच वर्षी परीक्षा पुढे ढकलण्यात आली.

नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी वर्षभरही शिकली नव्हती, तोच मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे महाविद्यालये बंद झाली. वर्ग ऑनलाइन झाले आणि रुग्णकक्षांतील शिक्षण खंडित झाले. याच काळात आंतरवासी व निवासी डॉक्टरांना कोविड कक्षांत दीर्घकाळ काम करावे लागले आणि इतर विषयांचा अनुभव मागे पडला. या तुकड्यांच्या मतांची आधीच्या तुकड्यांशी थेट तुलना करता येत नाही.

मर्यादा

पदवीधरांचे मत हा महत्त्वाचा पुरावा असला, तरी तो पूर्ण पुरावा नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या क्षमतेचे केलेले मूल्यमापन बाह्य मोजमापाशी नेहमी जुळत नाही, असा निष्कर्ष २००६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात काढण्यात आला. ज्यांची क्षमता कमी असते त्यांनाच स्वतःविषयी अधिक खात्री वाटण्याचा संभव असतो. म्हणून मतांबरोबर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षाही आवश्यक असते. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ ही टप्प्याटप्प्यांची वस्तुनिष्ठ प्रात्यक्षिक परीक्षा यासाठी वापरली जाते.

मत कोणत्या वेळी विचारले, यावरही उत्तर अवलंबून असते. परीक्षा तोंडावर असलेला विद्यार्थी, नुकताच रुजू झालेला वैद्यकीय अधिकारी आणि दहा वर्षे व्यवसाय केलेला डॉक्टर एकाच शिक्षणाविषयी वेगवेगळे बोलू शकतात. सर्वेक्षण महाविद्यालयानेच घेतले आणि उत्तर देणाऱ्याची ओळख गुप्त राहण्याची खात्री नसली, तर टीका सौम्य होते. मानांकनासाठी गोळा केलेल्या अभिप्रायांबाबत ही शंका अधिक असते. शिवाय शहरात स्थायिक झालेल्या पदवीधरापर्यंत पोहोचणे सोपे असते, तर दुर्गम भागात काम करणाऱ्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. शिक्षणातील उणिवांची सर्वाधिक जाणीव असणारा हाच गट अभ्यासातून सुटण्याचा धोका असतो.

या कारणांमुळे पदवीच्या वेळी, आंतरवासितेच्या शेवटी आणि पहिल्या नेमणुकीनंतर असे तीन टप्प्यांवर मत घेणे, ते संस्थेबाहेरील यंत्रणेने गोळा करणे आणि मिळालेल्या अभिप्रायावर कोणती कृती झाली हे जाहीर करणे अधिक विश्वासार्ह ठरते.

हे सुद्धा पहा

* ससून रुग्णालय
* सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय
* महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
* राष्ट्रीय वैद्यकीय आयोग
* भोर समिती
* हिंमतराव बावस्कर